घरफोडी झाल्यावर त्याच रात्री दार-खिडकी प्लायने पक्की कशी बंद करायची

घरफोडी झाली की पहिल्या तासाभरात घरात गर्दी होते, शेजारी, वॉचमन, सेक्रेटरी, गावावरून नातेवाईकांचे फोन, सगळे एकच विचारतात की काय काय गेलं, आणि ते साहजिकच आहे. पण आज रात्री हे दार बंद कसं होणार हे कोणी विचारत नाही. पंचनामा करून पोलीस जातात, शेजारी आपापल्या घरी जातात आणि घरातली माणसं चौकट फुटलेल्या दाराला सोफा लावून रात्र जागून काढतात. मी ठाण्यात इंटिरियरच्या साईट बघतो, सुतार आणि फॅब्रिकेशनवाले रोजच्या ओळखीतले, त्यामुळे असले फोन मला येतात, कधी घोडबंदर रोडच्या टॉवरमधून तर कधी कोपरखैरणे-ऐरोलीच्या रो हाऊसमधून, आणि प्रत्येक वेळी फोनवर तेच तेच सांगावं लागतं म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय.

त्याच रात्री का, उद्या सुतार बोलावू की, असं बऱ्याच जणांना वाटतं. एकदा फोडलेलं घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फोडलं जाण्याचा धोका जास्त असतो हे गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी बऱ्याच देशांत दाखवलंय, आणि कारण समजण्यासारखं आहे, आत काय आहे, काय न्यायचं राहिलं, कुठून शिरायचं आणि कुठून निघायचं हे चोराला आता माहितीये, वर दार तुटलेलंच आहे. आणि घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर सामान गेल्यापेक्षा ती धास्ती जास्त छळते. दार खणखणीत बंद झालं की निदान डोळा लागतो.

आता घाई आहे म्हणून लगेच हातोडा उचलायचा नाही. बाहेरून आल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं तर आत शिरूच नका, आत अजून कोणी असू शकतं. खाली या, ११२ लावा, वॉचमनला गेटवर थांबायला सांगा. पोलीस येईपर्यंत कडी, कोयंडा, कपाटाचं हँडल, खिडकीची काच, जमिनीवर पडलेली कटावणी किंवा स्क्रूड्रायव्हर, कशालाच हात नाही. काच झाडून काढायचा मोह होतो, घरात पोरं असतात, पण मुलांना शेजाऱ्यांकडे पाठवा आणि काच तशीच राहू द्या. मोबाईलवर फोटो मात्र भरपूर काढा, आधी लांबून पूर्ण दार, मग चौकट, मग कोयंडा जवळून, दोन्ही बाजूंनी, कारण एकदा प्लाय ठोकला की हे परत दिसणार नाही आणि विम्यासाठी पुढे हेच लागतं.

पोलीस आले की एक गोष्ट तोंडाने विचारून घ्या, "साहेब, ठसेवाले येणार आहेत का? आता दार बंद केलं तर चालेल का?" ठसे तज्ज्ञ कधी कधी सकाळी येतात. तसं असेल तर तुटलेल्या भागाला हात न लावता बंद करायचं, म्हणजे चौकट उजवीकडे फुटली असेल तर तो भाग सोडून वर-खाली आधार द्यायचा, किंवा ती खोली आतून बंद करून दुसरीकडे झोपायचं. तुटलेलं कुलूप पोलिसांनी नेलं नाही आणि तुम्हालाच ठेवायला सांगितलं तर कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट होऊन ठसे खराब होतात.

एफआयआर करायचीच, "काय मिळणारे" म्हणून सोडायची नाही. भारतीय न्याय संहितेत घरातल्या चोरीला कलम ३०५ आणि घरफोडीला कलम ३३१ लागतं, एफआयआरची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. दिघा-ऐरोलीपासून पनवेलपर्यंत नवी मुंबई आयुक्तालय आणि कळवा-मुंब्र्यापासून इकडे ठाणे आयुक्तालय, त्यामुळे सीमेवर राहणाऱ्यांना कधी कधी "हे आमच्या हद्दीत नाही" ऐकायला मिळतं. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर करता येते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे. आणि सेक्रेटरीला त्याच रात्री सांगा की सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वेगळं काढून ठेवा, डीव्हीआर जुनं फुटेज आपोआप पुसत जातो आणि सोसायटीत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पोलिसांनी हो म्हटलं की आता काम. आधी नीट बघा तुटलंय काय. आपल्याकडच्या बातम्यांत कायम एक ओळ असते, "कडी-कोयंडा उचकटून", आणि खरंच बहुतेक वेळा तसंच झालेलं असतं. कुलूप महागातलं, सात लिव्हरचं, एकदम शाबूत, कोयंड्याला लटकत असतं आणि कोयंडाच दारातून उपटून आलेला असतो. तो कोयंडा बसवलेला असतो अर्ध्या-पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर, फ्लश डोअरच्या भुसभुशीत लाकडात, कटावणी घातली की दोन झटक्यांत बाहेर. म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगतो की त्या रात्री नवीन भारी कुलूप आणायला धावू नका, कुलूप ज्याला लावणार त्या लाकडाकडे आणि स्क्रूकडे बघा. पूर्ण बोर्डिंगचं, म्हणजे प्लाय ठोकून बंद करण्याचं, तंत्र एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे, प्लाय कितीही जाड असला तरी तो धरलाय कशाने ते महत्त्वाचं.

प्लाय कुठला? खिडकीला १२ एमएम, दाराला १८ एमएम. ६ एमएमचा प्लाय लोक स्वस्त म्हणून आणतात, तो लाथेने फुटतो, आणू नका. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ अजिबात नको, पाणी लागलं की फुगतो आणि स्क्रू धरत नाही. साधा कमर्शिअल प्लाय, ज्याच्यावर आयएस ३०३ लिहिलेलं असतं, तो कोरड्या दिवसांत चालतो. पावसाळा असेल किंवा प्लाय बाहेरून लागणार असेल तर आयएस ७१० चा मरीन घ्या, महाग आहे पण नंतर किचनच्या ट्रॉलीखाली किंवा माळ्यावर वापरता येतो, वाया जात नाही. बांधकामावरचा शटरिंग प्लाय मिळाला तर उत्तमच, तो पाण्यासाठीच बनवलेला असतो. पूर्ण शीट आठ बाय चारची येते, १८ एमएमची शीट तीस किलोच्या वर जाते आणि उभी लिफ्टमध्ये शिरत नाही, म्हणून मापं घेऊन दुकानातच कापून आणा. माप घेताना उंची-रुंदी दोन-दोन ठिकाणी घ्या, जुन्या सिडकोच्या घरांत खिडकीच्या खळग्याचं माप वर एक आणि खाली एक असतं, कधी अर्ध्या इंचाचा फरक निघतो.

रात्री अकराला हार्डवेअरची दुकानं बंद असतात, मग काय करायचं हे विचारणारे जास्त. पहिलं, तुमच्याच बिल्डिंगमध्ये किंवा शेजारच्या विंगमध्ये कुणाचं तरी फर्निचरचं काम चालू असतंच, वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं. तिथे प्लायचे तुकडे, स्क्रू, ड्रिल मशीन सगळं पडलेलं असतं आणि बऱ्याचदा सुतार तिथेच झोपलेले असतात. त्या फ्लॅटच्या मालकाला फोन करून सांगा, अशा वेळी कोणी नाही म्हणत नाही. दुसरं, स्वतःच्या घरातला बॉक्सचा बेड बघा, गादी उचलली की खाली प्लायच्या फळ्या असतात, त्यातली एक खिडकीला बऱ्यापैकी पुरते. गादी एक रात्र जमिनीवर टाका, काही बिघडत नाही. रस्त्यावरच्या कुठल्या तरी पाटीवरचा नंबर लावून अनोळखी चावीवाला मध्यरात्री बोलावणं मला पटत नाही, फुटलेलं घर आतून अनोळखी माणसाला दाखवण्यापेक्षा सोसायटीच्या नेहमीच्या माणसाला झोपेतून उठवलेलं बरं.

बाकी सामान असं लागेल, ड्रिल मशीन हॅमरवालं, भिंतीसाठी ६ आणि ८ नंबरचे बिट, लाकडाचा बिट, दोन इंची आणि तीन इंची स्क्रू, गिट्ट्या (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात घालायचे प्लग), ८ किंवा १० एमएमचे लांब बोल्ट, मोठे वायसर, दोन इंच जाड लाकडी पट्ट्या, एम-सील, जाड हातमोजे, पायात बूट. चपलेवर काच काढायला जाऊ नका.

खिडकीचं काम तपशिलात सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त गडबड होते. समजा ग्राउंड फ्लोअरचं घर, मागच्या बाजूची किचनची स्लायडिंग खिडकी, काच फोडून कडी काढलीय आणि ग्रीलचे दोन गज वाकवलेत. आधी फ्रेममध्ये अडकलेले काचेचे तुकडे काढायचे. साधी काच असेल तर लांब सुऱ्यासारखे तुकडे उभे राहतात, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी पॅकिंगची टेप चिकटवा, मग वरून खाली एकेक तुकडा हलवून आतल्या बाजूला घ्या. टफन काच असेल तर तिचे बारीक दाणे होतात, ते ट्रॅकमध्ये शिरून बसतात, व्हॅक्युमने नाहीतर ओल्या कागदाने काढा. हे सगळे तुकडे जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून टेप लावा आणि वर मोठ्या अक्षरांत "काच" लिहा. घंटागाडीवरचे लोक हाताने कचरा वेगळा करतात, त्यांच्या बोटांचा विचार करा.

आता प्लाय कुठल्या बाजूने लावायचा? तळमजल्यावर बाहेरून, भिंतीवर टेकेल असा, खिडकीच्या खळग्यापेक्षा चारी बाजूंनी तीन-तीन इंच मोठा. बाहेरून कोणी ढकललं तर प्लाय भिंतीवरच दाबला जातो, स्क्रूवर जोर येत नाही. पण नुसता स्क्रू मारून सोडला तर कडेने कटावणी घालून उपटता येतो, म्हणून आतून लाकडी पट्टी लागते. दोन पट्ट्या घ्यायच्या, खिडकीच्या रुंदीपेक्षा फूटभर लांब, एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला, आतून भिंतीवर आडव्या टेकवायच्या. प्रत्येक पट्टीला दोन ठिकाणी भोक, तेच भोक प्लायला, आणि बाहेरून आत बोल्ट. बोल्ट गोल डोक्याचा कॅरेज बोल्ट घ्या, त्याच्या डोक्याला बाहेरून पाना-स्क्रूड्रायव्हर काहीच लागत नाही, आत वायसर आणि नट. नट आवळला की बाहेरचा प्लाय आणि आतली पट्टी भिंतीला दोन्हीकडून चिमट्यात धरतात. हाताने ठोकून बघा, खडखड आवाज आला तर अजून आवळा, प्लाय मध्ये वाकायला लागला तर थांबा. यात अॅल्युमिनियमच्या फ्रेमला एकही भोक पडत नाही, नंतर नवीन काच बसवताना फ्रेम जशीच्या तशी मिळते.

मध्ये स्लायडिंगचे शाबूत पल्ले येत असतील तर ते उचलून ट्रॅकमधून काढून ठेवा. आणि बाहेर पेटीसारखं पुढे आलेलं ग्रील असेल तर प्लाय बाहेरून लागणार नाही, मग उलटं करायचं, प्लाय आतून भिंतीवर टेकवायचा आणि पट्टी ग्रीलच्या बाहेरून, न वाकलेल्या गजांवर आडवी, बोल्टचं गोल डोकं बाहेर पट्टीवर आणि नट आत. वाकलेला गज सरळ करत बसू नका, तो एकदा वाकलाय, आता कमजोर झालाय, नंतर फॅब्रिकेशनवाला बदलून देईल.

वरच्या मजल्यावर, म्हणजे ड्रेनेजच्या पाइपवरून किंवा छज्जावरून चोर आलेला असेल तिथे, सगळं आतूनच करायचं. खिडकीबाहेर वाकायचं नाही, छज्जावर उतरायचं तर मुळीच नाही, रात्रीच्या अंधारात तर विचारही नको. आतून लावलेल्या प्लायवर बाहेरचा धक्का थेट स्क्रूवर येतो, म्हणून इथे स्क्रू जवळजवळ, दर आठ-नऊ इंचाला एक, तीन इंची, गिट्टी घालून. आणि वरून दोन आडव्या पट्ट्या, त्या पण भिंतीत घट्ट.

भिंत कुठली आहे ते आधी ओळखा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. जुन्या नौपाड्यातल्या बिल्डिंगा, सिडकोची जुनी घरं, यांत विटांच्या भिंती, बिट घातला की लाल भुसा येतो, गिट्टी चांगली धरते, फक्त दोन विटांच्या सांध्यात भोक पडलं तर बाजूला दुसरं पाडा. बऱ्याच नवीन बिल्डिंगांत सिपोरेक्सचे पांढरे-राखाडी ब्लॉक असतात, बिट लोण्यात गेल्यासारखा जातो आणि खूश होऊन आपण गिट्टी घालतो, पण ती ओढली की भुशासकट बाहेर येते. तिथे साधी गिट्टी चालत नाही, लांब गिट्टी लागते, किंवा सरळ कॉलम-बीमच्या काँक्रीटमध्ये स्क्रू मारायचे, किंवा वर सांगितलेला बोल्ट आणि पट्टीचा चिमटा. घोडबंदरकडच्या बऱ्याच उंच टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या अख्ख्या काँक्रीटच्या भिंती आहेत, तिथे घरगुती ड्रिल नुसतं गरम होतं, सुताराकडचं मोठं हॅमर मशीन आणा.

आता दार. दाराची गोष्ट वेगळी, कारण ते बंदही व्हायला हवं आणि उघडायलाही हवं. नुसता कोयंडा उपटलाय, दार आणि चौकट ठीक आहे, तर जुन्या भोकांत परत स्क्रू मारू नका, ती भोकं आता ढिली आहेत. सहा इंच वर किंवा खाली नवीन जागा घ्या आणि कोयंडा स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्टने बसवा, गोल डोकं बाहेर, आत एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर नट. पाव तासाचं काम आहे आणि खरं सांगायचं तर आधीपासून असंच बसवलेलं असतं तर कटावणीने इतक्या सहज उपटलं नसतं.

चौकट फुटली असेल, म्हणजे लॅच जिथे अडकतो तिथून लाकूड उभं चिरलं असेल, तर नवीन लॅच लावून उपयोग नाही, तो त्याच चिरलेल्या लाकडात अडकणार. चिरेत फेव्हिकॉल भरून दाबा, वरून दोन-तीन फूट लांबीची लोखंडी पट्टी चौकटीच्या कडेवर लावा आणि स्क्रू तीन-चार इंची घ्या, म्हणजे ते चौकट ओलांडून भिंतीत जातील. रात्री लोखंडी पट्टी मिळत नसेल तर सागाची किंवा कुठल्याही कडक लाकडाची पट्टी चालेल. वागळे इस्टेटमध्ये किंवा आपापल्या सेक्टरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अशी पट्टी सकाळी लगेच भोकं पाडून मिळते.

दाराच्या पल्ल्यालाच भगदाड पडलं असेल तर १८ एमएम प्लायचे दोन तुकडे, एक आतून एक बाहेरून, भगदाडापेक्षा सगळीकडून सहा इंच मोठे, आणि मधून आरपार बोल्ट. आणि दार अख्खंच निघालं असेल आणि घराला तेवढं एकच दार असेल, तर ती जागा प्लायने ठोकून बंद करायची नाही, कितीही भीती वाटत असली तरी नाही. रात्री शॉर्टसर्किट झालं, गॅस लीक झाला तर बाहेर कुठून पडणार? अशा वेळी १८ एमएमचा प्लाय दाराच्या मापाचा कापून त्याला चार इंची तीन बिजागऱ्या लावा आणि दारासारखाच टांगा. आतून अडसर, गावच्या वाड्याला असायचा तसाच, चौकटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पकड आणि मध्ये आडवं लाकूड. अडसराला किल्ली लागत नाही, अंधारातही हाताने उचलता येतो, आणि बाहेरून त्याला काही करता येत नाही. घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना पण, एकदा उचलून दाखवा. कुणाला जड जात असेल तर हलकं लाकूड घ्या.

सेफ्टी डोअर शाबूत असेल तर ते तुमचं अर्धं काम करतं, त्याचाही कोयंडा तेवढा नट-बोल्टने पक्का करून घ्या.

दुकानवाल्यांसाठी थोडक्यात. शटर मधून जॅकने किंवा पहारीने उचललेलं असतं, खालची पट्टी वाकते आणि बाजूच्या गाईडमधून पट्ट्या निसटतात. ते ओढून ताणून सरळ करायला जाऊ नका, अजून निसटेल. शटर जेवढं खाली येतं तेवढं आणा, खालच्या पट्टीवरून आडवा लोखंडी अँगल टाकून दोन्ही टोकांना जमिनीत किंवा भिंतीत बोल्ट करा, वेल्डिंगवाला मिळाला तर टाके मारून घ्या, आणि आतून मालाच्या बाजूला प्लाय. कॅश, बिलबुकं, हार्ड डिस्क त्या रात्री दुकानात ठेवू नका.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाणी आडवं येतं, खाडीकडच्या बाजूला तर विचारूच नका, ऐरोली-वाशीला पश्चिमेकडच्या भिंती महिनाभर ओल्या असतात. प्लायच्या सपाट बाजूपेक्षा कापलेल्या कडा पाणी पितात, म्हणून लावायच्या आधी कडांना ऑइल पेंट किंवा प्रायमरचा हात द्या, काहीच नसेल तर रुंद टेप तरी. बाहेरून ताडपत्री लावायची तर वरची कड भिंतीला घट्ट आणि खाली मोकळी ठेवा. चारी बाजूंनी चिकटवली की आत शिरलेलं पाणी अडकून बसतं आणि प्लाय आठवड्यात फुगतो. पाऊस लागून गेल्यावर नट परत आवळून बघा, लाकूड फुगतं-आटतं आणि नट ढिले होतात.

किचनची खिडकी बंद करताना गॅसचा विचार पाहिजेच, सिलेंडर असो की पाइपचा महानगर गॅस. अख्खी खिडकी बंद करून आत स्वयंपाक करायचा नाही, प्लायच्या वरच्या भागात दोन-अडीच इंचाची चार-पाच गोल भोकं पाडून आतून जाळी लावा, किंवा एक्झॉस्टची जागा मोकळी सोडा. चोरीत ओढाताण होऊन गॅसची नळी किंवा वायर तुटलीये का ते पण बघा, वास आला तर बटणं दाबू नका, व्हॉल्व्ह बंद करून बाहेर पडा.

स्क्रूची डोकी जिथे बाहेर दिसतात तिथे खाचेत एम-सील दाबून भरा, वाळलं की स्क्रूड्रायव्हर लागत नाही. प्लायला भिंतीच्या जवळ जाईल असा रंग एक हात मारला तर उत्तम, रस्त्यावरून कोरा पिवळा प्लाय दिसला की सगळ्यांना कळतं इथे काय झालंय. रात्री आत एखादा दिवा चालू ठेवा. आणि एक कळकळीने सांगतो, बंद केलेल्या खिडकीचे, दाराचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, "आम्ही पंधरा दिवस गावी जातोय, लक्ष ठेवा" असं तर अजिबात लिहू नका. ज्याला सांगायचंय त्याला घरी जाऊन सांगा.

किल्ल्यांचा जुडगा चोरीला गेला असेल तर बोर्डिंग करून फायदा नाही, घराचं, कपाटाचं, गाडीचं, ऑफिसचं, जे जे त्या जुडग्यात होतं ते सगळं बदलायला लागेल, आणि बँकेच्या लॉकरची किल्ली असेल तर सकाळी पहिला फोन बँकेला.

भाड्याच्या घरात राहत असाल तर भिंतीला भोक पाडायच्या आधी मालकाला एक मेसेज टाका, फोटोसकट, "दादा, चोरी झालीय, आज रात्रीपुरतं प्लाय लावून बंद करतोय" एवढंच, म्हणजे नंतर डिपॉझिटमधून कापायचा विषय निघणार नाही.

विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा, पण सर्व्हेअर येईपर्यंत घर उघडं ठेवायची गरज नाही, पुढचं नुकसान टाळणं हे तुमच्याकडून अपेक्षितच असतं. प्लायचं बिल, सुताराच्या मजुरीची पावती, आधीचे फोटो, एफआयआरची कॉपी एका फाईलमध्ये ठेवा. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, २०२१ पासून आलेली भारत गृह रक्षा पॉलिसी मुळात आग-पूर-भूकंप वगैरेसाठी आहे, त्यात चोरी धरली जाते ती अशा एखाद्या दुर्घटनेमुळे झालेली असेल आणि त्यानंतरच्या सात दिवसांतली असेल तरच, साध्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का ते कागद काढून वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

हे सगळं दोन-तीन आठवड्यांसाठी आहे, त्यापेक्षा जास्त ठेवू नका, घरात उजेड-हवा लागते आणि आतली माणसं कोंडल्यासारखी होतात, लहान मुलं तर फार घाबरतात. म्हणून प्लाय लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी काचवाल्याला, ग्रीलवाल्याला माप द्या. पक्कं काम करताना सुताराला तीन गोष्टी सांगा, कोयंडा आणि बिजागऱ्यांना आरपार बोल्ट किंवा भिंतीत जाणारे लांब स्क्रू, चौकटीला लॅचच्या जागी लोखंडी पट्टी, आणि ग्रीलचे गज भिंतीत गाडलेले, नुसते स्क्रूने फ्रेमवर टांगलेले नकोत. ग्रीलला उघडणारी खिडकी ठेवायला सांगा आणि तिच्या कुलपाची किल्ली बाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्यांना अंधारात सापडेल अशा ठिकाणी अडकवा. काढलेला प्लाय, पट्ट्या आणि बोल्ट फेकू नका, कुठल्या खिडकीचा ते मार्करने लिहून माळ्यावर टाका.